चकची चावी

भाचीनं तिकीट काढून दिलं, म्हणाली,
मामा, तुमच्याच कामाचं आहे, बघून या.
भोसरीहून दोन बस बदलून औंधला पोचलो.
काचेची इमारत. आत एसी.
पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर,
डबा उघडून पोरगा हसला,
म्हणाला, बाबा, हाही बाहेर.

दुसऱ्या मजल्यावर एवढ्या मोठ्या हॉलात
एकटाच उभा होता लेथ.
साडेसहा फुटी बेड, जुना पोपटी रंग,
नंबराची पट्टी घासून काढलेली.
टूलपोस्टातून लाल लोकर निघाली होती,
छतापर्यंत जाऊन खाली आलेली,
खाली तिचा ढीग.
पाटीवर: विराम. लेथ, लोकर, ध्वनी.
खाली बाईंचं नाव, मृगजा सबनीस.

लोकर चांगली होती.
एमएसचा जॉब बरोबर लागला की
चिप अशीच निघते, लांब, न तुटता,
फक्त निळी,
आणि हात लावाल तर हाडापर्यंत.
बाईंनी हे कुठेतरी बघितलेलं असणार.
आवाज मात्र मिलिंगचा लावला होता.
सांगावंसं वाटलं. कोणाला सांगणार.

फरशीवर पिवळी पट्टी.
काका, पट्टीच्या मागे, गार्ड म्हणाली.
छातीवर बिल्ला: खुडे.
मी म्हटलं, ताई, ही पट्टी मला
अठ्ठ्याहत्तर सालापासून माहीत आहे.
ती हसली. मीही हसलो असतो,
पण तेवढ्यात दिसलं.

चकमध्ये चावी तशीच होती.

आयटीआयच्या पहिल्या दिवशी,
कानस धरायला शिकवण्याच्याही आधी,
पानसे मास्तरांनी हे शिकवलं:
चावी एक तर हातात, नाहीतर ट्रेमध्ये.
चकमध्ये सोडून जो हात काढेल त्याचा...
वाक्य ते पुरं करत नसत.
हातातला खडू मोडायचे.

खुडेताई, ती चावी काढा.
कलाकृती आहे काका.
कोणीतरी स्टार्ट दाबेल.
अहो, मोटारच नाही त्याला, वाकून बघा.
वाकलो. गुडघा वाजला.
खरंच नव्हती. पट्टे नव्हते, वायर छाटलेली,
पोट रिकामं, आतून झाडून घेतलेलं.

हिंगमिरे सकाळपाळीचा.
डबा ठेवला, उदबत्ती ओवाळली, बटण दाबलं.
चावी छताच्या पत्र्यातून आरपार गेली,
जाताना त्याचा डावा डोळा घेऊन.
पत्र्याचं ते भोक कंपनी बंद पडेपर्यंत होतं.
अकराच्या सुमाराला त्यातून रुपयाएवढं ऊन
जॉबवर पडायचं,
मग सरकत सरकत माझ्या बुटापर्यंत यायचं.
चौकशीत काही निघालं नाही.
रात्रपाळी माझी होती.

हिंगमिऱ्यानं कधी विचारलं नाही.
पुढे कंपनीच्या गेटवर बसायचा, पास तपासायला,
माझा पास उजव्या डोळ्याजवळ नेऊन
इतरांपेक्षा जरा जास्त वेळ बघायचा.
किंवा मला तसं वाटायचं.

तर पट्टी ओलांडली.
कुठेतरी पीं पीं वाजायला लागलं.
शाळेची सहल होती, मुली गप्प झाल्या.
चावी जरा अडकली होती,
अंगठ्यानं रेटा दिला तसा तिनं ओळखलं,
निघाली.
वजन तेवढंच. गार.
पुसायला फडकं नव्हतं, शर्टाला पुसली,
ट्रेमध्ये ठेवली, दांडा आपल्याकडे,
जशी पुढच्या पाळीला हाताशी यावी.
मुलींनी टाळ्या वाजवल्या.
त्यांना वाटलं, हेही त्यातलंच.

खुडेबाईंनी वही पुढे केली.
नाव, फोन, कारण.
कारणाची चौकट बोटभर.
पेन धरून बराच वेळ उभा राहिलो,
मागे मिलिंग मशीन चालूच.
शेवटी लिहिलं, हिंगमिरे.
तिनं वाचलं. हे तुमचं नाव का, म्हणाली.
नाही म्हटलं.

जिन्यापाशी पोचलो. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं.
बघितलं.
ती पट्टीवर उभी होती, हात पाठीमागे बांधून,
ट्रेकडे बघत.
चावी अजून तिथेच होती.